दातांच्या चक्राचा मासा

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, पोकाटेलो शहरातल्या निसर्गेतिहास संग्रहालयात ३७८९९ या क्रमांकाने नोंदलेला एक दगड आहे. त्यावर वीतभर रुंदीचं चक्र उमटलेलं दिसतं. मध्यभागी अगदी बारीक, आणि वेढ्यागणिक रुंद होत बाहेर आलेलं. चक्राच्या बाहेरच्या कडेवर त्रिकोणी पाती ओळीने उभी आहेत आणि प्रत्येक पात्याच्या दोन्ही कडा बारीक कातरलेल्या आहेत. मोजली तर ती ११७ भरतात. ही पाती म्हणजे दात. एकाच माशाचे, एकाच ओळीतले, त्याने जन्मभर जपलेले ११७ दात.

त्या माशाचं नाव हेलिकोप्रिऑन. भूशास्त्रज्ञ ज्याला पर्मियन म्हणतात त्या काळात, आजपासून सुमारे २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वी, तो समुद्रात वावरत होता. डायनासोर अजून जन्माला यायचे होते. फुलझाडं तर त्याहून खूप नंतरची. पुढच्या पानांत या एकाच माशाची कथा आहे, आणि एका माशासाठी एवढी पानं कशाला, याचं उत्तर प्रस्तावनेतच द्यायला हवं.

मला या माशाने धरून ठेवलं ते एका साध्या प्रश्नामुळे. हे चक्र शरीरात बसत होतं कुठे? ते हातात होतं. त्याची मापं घेतलेली होती, दातांच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून झाल्या होत्या. तरीही ते नाकावर होतं की पाठीवर, शेपटीवर होतं की जबड्यात, आणि जबड्यात असेल तर नेमकं कुठल्या बाजूने कसं बसवलेलं, याचा निकाल लागायला शंभराहून अधिक वर्षं गेली. एवढा काळ लागला याची कारणं माशाच्या शरीरात आहेत, तशीच माणसांच्या सवयींतही आहेत. दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

शरीरातलं कारण आधी. शार्क, पाकट आणि त्यांचे नातलग यांच्या सांगाड्यात हाड नसतं, कूर्चा असते. कोकणात मोरी किंवा मुशीचं कालवण खाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या माशात काटा लागत नाही, पण दाताखाली मऊ, चावता येईल असं काहीतरी येतं. हीच ती कूर्चा. मासा मेला की मांसासोबत ती कुजते, विरते, पाण्यातले जीव ती खाऊन टाकतात. टिकतात ते दात, कारण त्यांच्यावर कठीण खनिजाचं आवरण असतं. म्हणून प्राचीन शार्कवर्गीय मासे आपल्याला बहुतेक वेळा दातांवरूनच माहीत असतात. एखादा सुटा दात सापडला तर फारशी अडचण येत नाही. दात तोंडातच असणार हे गृहीत धरता येतं. पण दातांचं गुंडाळलेलं चक्र सापडलं आणि भोवतालचा जबडा विरून गेलेला असला, तर तुलनेला जिवंत प्राणीच उरत नाही. आजच्या कुठल्याही माशाच्या तोंडात असं चक्र नाही.

पहिला तुकडा शास्त्रज्ञांच्या हाती आला तो ऑस्ट्रेलियाचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गॅसकॉइन नदीच्या भागात सापडलेला चक्राचा एक अपुरा भाग १८८६ साली लंडनमध्ये हेन्री वुडवर्ड यांनी वर्णिला. तो त्यांना माशाच्या परावरचा काटा वाटला. अर्धवट तुकडा पाहून तसं वाटणं स्वाभाविक होतं, कारण त्या काळात एडेस्टस नावाच्या एका नातलगाचे असेच वाकडे, दातेरी अवशेष माहीत होते आणि त्यांनाही अनेक जण पाठीवरचा काटाच समजत होते. पण पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, फॅनी हिचकॉक या अमेरिकी संशोधक बाईंनी एडेस्टसबद्दल वेगळं मत मांडलं. हे अवशेष काटे नाहीत, जबड्याच्या दोन बाजू समोर जिथे एकत्र येतात तिथल्या मधल्या रेषेवर उगवलेल्या दातांच्या ओळी आहेत, असं त्यांनी म्हटलं. त्या बरोबर होत्या. या सगळ्या इतिहासात त्यांचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी येतो, म्हणून तो इथे मुद्दाम करतो आहे.

मग १८९९ साल आलं. उरल पर्वताच्या पायथ्याशी क्रास्नोउफिम्स्क या गावाजवळच्या खडकांतून काही चक्रं निघाली आणि बेसोनोव नावाच्या एका शाळा-निरीक्षकाने ती सेंट पीटर्सबर्गला अलेक्सांद्र कार्पिन्स्की यांच्याकडे पाठवली. कार्पिन्स्की हे रशियन भूशास्त्रातलं मोठं नाव. पुढे १९१७ मध्ये रशियाच्या विज्ञान अकादमीचे ते पहिले निवडून आलेले अध्यक्ष झाले आणि १९३६ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांनी या चक्रांवर सविस्तर प्रबंध लिहिला, प्राण्याला हेलिकोप्रिऑन हे नाव दिलं, आणि जातीच्या नावात बेसोनोवचं नाव गुंफलं: हेलिकोप्रिऑन बेसोनोवी. वुडवर्डचा ऑस्ट्रेलियन तुकडाही याच कुळात बसतो हे त्यांनीच ओळखलं.

कार्पिन्स्कींनी काढलेलं चित्र आजही पुस्तकांत छापलं जातं. त्यात चक्र माशाच्या वरच्या जबड्यातून बाहेर येऊन नाकाच्या पुढे वर वळलेलं आहे. हे चित्र दाखवून हसण्याची एक पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. कार्पिन्स्कींनी दातांची सूक्ष्मरचना तपासून हा शार्कवर्गीय मासा आहे आणि ही पाती दातच आहेत हे पक्कं केलं, दातांचा क्रम लावला, वाढ कुठल्या दिशेने झाली ते ओळखलं. हे सगळं आजही टिकून आहे. चुकली ती फक्त जागा, आणि जागा सांगणारा पुरावा त्यांच्यासमोरच्या दगडांत नव्हता. पुढे त्यांनी स्वतःच इतर जागांचा विचार केला. चक्र पाठीच्या पराजवळ किंवा शेपटीकडे असावं अशी चित्रंही निघाली. दरम्यान हे चक्र तोंडातलंच आहे असा आग्रहही काहींनी धरला होता. ऑलिव्हर हे यांनी १९०७ मध्ये आयडाहोच्या फॉस्फेट खडकातलं चक्र वर्णिलं. पण तोंडात म्हणजे नेमकं कुठे? खालच्या जबड्याच्या टोकाशी, हनुवटीखाली लोंबणारं? वरच्या जबड्यात? की घशाशी खोल? दातांवर झीज फार कमी दिसते, मग ते दात चावत नसावेत आणि म्हणून घशात असावेत, हे शेवटचं मत अगदी एकविसाव्या शतकापर्यंत मांडलं जात होतं.

आता आयडाहोकडे जाऊ, कारण उत्तर तिथल्या खाणींत होतं. पर्मियन काळात जगातले बहुतेक भूखंड एकत्र सांधलेले होते. त्या महाखंडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा उथळ समुद्र आजच्या आयडाहो, वायोमिंग, युटा या भागांत पसरला होता. खोल समुद्रातलं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी तिथे वर येत असे. त्यातून प्लवक, प्लवकांवर जगणारे जीव आणि त्यांना खाणारे मासे यांची गर्दी होई आणि तळाशी फॉस्फेटचे थर साठत. आज तोच फॉस्फेट खतासाठी खणून काढतात. हेलिकोप्रिऑनची जेवढी चक्रं जगभरात सापडली आहेत, त्यातली निम्म्याहून अधिक या एका खडकसमूहातून आली आहेत. उरल दुसऱ्या क्रमांकावर. चीन, जपान, मेक्सिको, कॅनडा, स्पिट्सबर्गेन आणि ऑस्ट्रेलिया इथेही नमुने मिळाले आहेत, पण विरळ. इतक्या पसरलेल्या समुद्रांत वावरणाऱ्या प्राण्याची एकूण चक्रं शंभराच्या आसपासच आहेत, आणि जबड्याचे अवशेष सोबत असलेला चांगला नमुना मुख्यतः एकच. आरंभी सांगितलेला ३७८९९ क्रमांकाचा दगड तो हाच.

१९५० साली माँटपेलियरजवळच्या वॉटर्लू फॉस्फेट खाणीतून तो बाहेर आला. डेन्मार्कचे स्वेन्द एरिक बेन्डिक्स-आल्मग्रीन यांनी आयडाहोच्या नमुन्यांचा अभ्यास करून १९६६ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. या दगडात दातांभोवती कूर्चेच्या खुणा आहेत हे त्यांनी पाहिलं आणि चक्र खालच्या जबड्यात मधल्या रेषेवर होतं असं सांगितलं. दिशा मिळाली होती. पण कूर्चा दगडात चिरडली गेली आहे, आणखी काही कळणार नाही, असा समज रूढ झाला आणि दगड संग्रहालयात पडून राहिला.

जवळजवळ अर्ध्या शतकानंतर तो कपाटातून बाहेर काढला आयडाहो स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी: तिथले पुराजीवशास्त्रज्ञ लीफ टपानिला आणि तेव्हा विद्यार्थी असलेला जेसी प्रुइट. टेक्सास विद्यापीठात शक्तिशाली क्ष-किरणांच्या सीटी यंत्रात त्यांनी तो दगड ठेवला. रुग्णालयात वापरतात त्याच तत्त्वावरचं हे यंत्र. फक्त दगडाच्या आरपार जाण्याइतकं जोरकस. दगड फोडावा लागला नाही, खरवडावाही लागला नाही. आत काय होतं ते पडद्यावर एकेक चकती करून उलगडत गेलं, आणि कूर्चा विरलेली नव्हती, चिरडलेलीही नव्हती. वरचा जबडा, खालचा जबडा, ओठांलगतची कूर्चा, दोन्ही जबड्यांना जोडणारा सांधा, हे सगळं दातांभोवती जवळजवळ जागच्या जागी होतं. २०१३ च्या आरंभी टपानिला आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये प्रसिद्ध केले. या पुस्तकातलं मधलं, सगळ्यात मोठं प्रकरण त्याच शरीररचनेवर आहे. त्याची ओळख इथे करून देतो, कारण माशाचं सगळं वेगळेपण त्या रचनेत आहे.

सुरुवात दातांच्या वाढीपासून. शार्कच्या जबड्यात दात सतत तयार होत असतात. आतल्या बाजूला नवा दात फुटतो, तो पुढे सरकत कडेला येतो, काही काळ काम करतो आणि गळून पडतो. शार्कच्या समुद्रात तळाशी दातांचा खच पडतो तो यामुळे. हेलिकोप्रिऑनने एकही दात टाकला नाही. त्याचे सगळे दात एकाच सलग मुळावर उगवत. त्यामुळे एखादा दात सुटा होऊन पडणं शक्यच नव्हतं. नवा दात जबड्याच्या मागच्या बाजूला, सांध्यालगत तयार होई आणि आपल्या पुढच्या सगळ्यांना पुढे ढकले. ओळ पुढे जाऊन जबड्याच्या टोकाशी खाली वळे, मग मागे, मग पुन्हा वर, आणि अशी खालच्या जबड्याच्या आतच गुंडाळली जाई. वर, तोंडात, कामाला येणारे दात एका वेळी थोडेच. बाकीचे कूर्चेत बुजलेले, काम संपलेले, तरी सांभाळलेले.

याचा एक विलक्षण परिणाम असा की चक्राच्या अगदी मध्यभागी त्या माशाचे बाळपणीचे दात असतात, जवळजवळ आकड्यासारखी वळलेली इवलीशी सुरुवात. तिथून बाहेर येत गेलं की मासा मोठा होत जातो. एका प्राण्याची पूर्ण वाढ, पहिल्या दातापासून मरणाच्या वेळी तयार होत असलेल्या दातापर्यंत, क्रमाने आणि एकही दुवा न गाळता एका दगडात मिळते. जीवाश्मांच्या अभ्यासात अशी संधी फार क्वचित येते. जातींची विभागणीही त्यामुळेच नीट करता आली. पूर्वी चक्राचा आकार, दातांची संख्या, सापडल्याचं ठिकाण यांवरून अनेक जाती पाडल्या होत्या. टपानिला आणि प्रुइट यांनी सगळी चक्रं एकाच कसोटीवर तपासली, तेव्हा दिसलं की लहान वयातल्या आतल्या वेढ्यांत जाती वेगळ्या काढताच येत नाहीत. फरक उमटतो तो प्रौढ दातांत. त्यांनी तीनच जाती मान्य केल्या. उरलची बेसोनोवी, जिचे दात आखूड, दाट आणि टोकं मागे झुकलेली. डेव्हिसाय, जिचे दात उंच, विरळ आणि वयाबरोबर पुढे वाकणारे. वुडवर्डचा ऑस्ट्रेलियन तुकडा आणि आयडाहोचे बहुतेक नमुने हिच्यात येतात. आणि तिसरी एर्गासामिनॉन, बेन्डिक्स-आल्मग्रीन यांनी नाव दिलेली, या दोघींच्या मधली आणि तिघींत सर्वांत दुर्मीळ.

आता जबडा. जुन्या चित्रांत लांबलचक खालचा जबडा आणि त्याच्या टोकाला लटकलेलं चक्र असे. सीटी प्रतिमांनी हे मोडीत काढलं. चक्र जबड्याच्या टोकाला नाही. चक्र म्हणजेच जवळजवळ सगळा जबडा. पुढच्या टोकापासून मागच्या सांध्यापर्यंतची पूर्ण लांबी त्याने व्यापलेली आहे. खालच्या जबड्याच्या डाव्या आणि उजव्या कूर्चा त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. शार्कच्या तोंडाच्या कोपऱ्यात ओठांना आधार देणारे कूर्चेचे लहान तुकडे असतात. हेलिकोप्रिऑनमध्ये तेच वाढून चक्राच्या मुळाला दोन्ही अंगांनी टेकू देणारे भक्कम आधार झाले आहेत. एकच पातं, तेही मधोमध, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूने धक्का बसला की ते डळमळणार. हा टेकू ते डळमळू देत नसे. जबड्याच्या सांध्याची रचनाही अशी की जबडा वर-खाली उघडावा-मिटावा, आडवा सरकू नये. आणि खालच्या जबड्यावर एक उंचवटा आहे, जो जबडा मिटताना वरच्या जबड्याला अडे. तो नसता तर पूर्ण मिटलेल्या तोंडात दातांची टोकं स्वतःच्याच कवटीत घुसली असती. हा उंचवटा मला सगळ्या रचनेतला सर्वांत बोलका भाग वाटतो. इतकं धोकादायक हत्यार तोंडात बाळगायचं तर त्याच्यासोबत अडसरही लागतो, आणि तो दगडात शिल्लक आहे.

वरच्या जबड्यात असं दुसरं चक्र नाही. एडेस्टसला वर आणि खाली दोन्हीकडे दातांच्या वाकड्या ओळी होत्या. हेलिकोप्रिऑनचं पातं एकटं. मग ते काम कसं करत असेल? जेसन रॅमसे आणि सहकाऱ्यांनी जबड्याच्या गतीचा अभ्यास करून याचं उत्तर दिलं आहे. आपल्या घरातली विळी डोळ्यांसमोर आणा. तिचं पातं वाकडं असतं म्हणून वस्तू नुसती दाबली तरी ती पात्यावरून सरकत सरकत कापली जाते, वेगळी करवत चालवावी लागत नाही. इथे पातं खालून वर येतं आणि भक्ष्य वरच्या जबड्याने अडवलेलं असतं. जबडा सांध्याभोवती फिरत मिटतो, तेव्हा कमानीवरचे दात वर येता येता मागेही सरकतात. पुढचे दात भक्ष्याला अडकवून आत ओढतात, मधले आरपार घुसतात, मागचे चिरत चिरत घशाकडे ढकलतात. तीन कामं, एकाच हालचालीत. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण चित्रांमुळे आणि चलच्चित्रांमुळे ती उलटी पसरली आहे: चक्र गिरणीतल्या करवतीप्रमाणे गरगर फिरत नसे. ते आयुष्यभरात काही वेढे पुढे सरके, वाढीच्या वेगाने.

दातांवर झीज कमी का, या जुन्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. कठीण कवच फोडणाऱ्या दातांची टोकं बोथट होतात, तुटतात. हेलिकोप्रिऑनचे दात बहुतेक धारदारच राहिले, म्हणजे त्याचं खाणं मऊ होतं. आजच्या माकूळ-नळ मंडळींचे पर्मियन नातलग त्या समुद्रात विपुल होते. शंखात राहणाऱ्या अमोनॉइड जीवांनाही तो शंखातून ओढून काढत असावा, असा तर्क आहे. आपल्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम हा अशाच, पण कितीतरी नंतरच्या काळातल्या एका अमोनाइटचा जीवाश्म असतो. बाहेरून गुंडाळलेला शंख आणि आतून गुंडाळलेले दात, असे दोघे एकाच पाण्यात समोरासमोर आले असतील.

नात्याचा प्रश्न उरतो. हेलिकोप्रिऑनला सर्रास शार्क म्हणतात. लेखांची शीर्षकं तशी असतात, खेळण्यांवर तसं छापलेलं असतं. सीटी प्रतिमांत वरचा जबडा मेंदूच्या कवटीला ज्या दोन ठिकाणी थेट जोडलेला दिसतो, तशी जोडणी आजच्या शार्कमध्ये नाही. ती या माशाला कायमिरा नावाच्या गटाकडे नेते. कायमिरा म्हणजे खोल समुद्रातले मोठ्या डोळ्यांचे, मऊ कातडीचे, निमुळत्या शेपटीचे कूर्चामय मासे. त्यांची एक लांबनाकी जात अरबी समुद्राच्या खोल पाण्यातही सापडते. शार्क आणि कायमिरा यांच्या वाटा फार जुन्या काळी वेगळ्या झाल्या. हेलिकोप्रिऑन कायमिराच्या वाटेवरचा. शार्कचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल; शार्क म्हणणं चूक.

उरलेल्या शरीराबद्दल मी पुढे थोडंच लिहिलं आहे आणि ते जाणूनबुजून. दात आणि जबडा यांपलीकडचं धड मिळालेलं नाही. त्याच गटातल्या लहान नातलगांचे पूर्ण ठसे सापडले आहेत. त्यांची अंगलट सडसडीत, शेपटी चंद्रकोरीसारखी, आणि पाठीवर एकच पर. हेलिकोप्रिऑनही तसाच वेगवान पोहणारा असावा. सर्वांत मोठी चक्रं अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद आहेत, त्यावरून मोठे मासे कित्येक मीटर लांब असतील असे अंदाज बांधले जातात. अंदाज म्हणूनच ते वाचावेत.

चित्रकारांचा इथे एक ऋणनिर्देश करायला हवा. अलास्कातले रे ट्रोल यांनी या माशाचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला, शास्त्रज्ञांशी वाद घातले, नव्या पुराव्यानुसार जुनी चित्रं बदलली. २०१३ मध्ये पोकाटेलोच्या संग्रहालयात त्यांच्या चित्रांसह याच माशावर प्रदर्शन भरलं. शास्त्रीय चित्र काढणाऱ्याला प्रत्येक रेघ कुठेतरी टेकवावीच लागते. लेखक ‘बहुधा’ लिहून सुटतो. म्हणूनच या माशाच्या इतिहासात चित्रं वाचणं हे प्रबंध वाचण्याइतकंच महत्त्वाचं आहे: प्रत्येक चित्रात त्या काळाला काय माहीत होतं आणि त्याने काय गृहीत धरलं, हे दोन्ही उघडं पडतं.

मराठी वाचकाला हा काळ परका वाटू नये म्हणून एक गोष्ट. ज्या पर्मियन काळात हा मासा उत्तरेकडच्या समुद्रांत आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याशी वावरत होता, त्याच काळात आजच्या विदर्भात दलदलीची जंगलं होती. ग्लोसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पती त्यांत वाढत. ती जंगलं गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूर, बल्लारपूर, वणीच्या खाणींतून आज निघतो तो हाच. तिथल्या दगडी कोळशालगतच्या शेलमध्ये ग्लोसोप्टेरिसच्या पानांचे ठसे मिळतात. हेलिकोप्रिऑन आपल्याकडे सापडलेला नाही, आणि नदी-दलदलीच्या त्या खडकांत तो सापडण्याची अपेक्षाही नाही. पण त्याच्या हयातीतल्या जगाचा एक भाग आपल्या जमिनीखाली आहे.

माशांचे जीवाश्म मात्र आपल्याकडे आहेत, आणि महत्त्वाचे आहेत. गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा गावच्या चुनखडीतून ज्युरासिक काळातले मासे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिळत आले आहेत. जाड, चकचकीत खवल्यांचा लेपिडोटस डेक्कनेन्सिस हा त्यांतला सर्वांत परिचित. नागपूरला राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या परिसराच्या भूशास्त्रावर मनापासून काम केलं. कोट्याच्याच खडकांतून पुढे एक सीलाकँथही वर्णिला गेला, इंडोसीलाकँथस. या माशांवर इंग्रजीत प्रबंध आहेत. मराठीत एक पुस्तिका असायला हवी. या पुस्तकाने ती लिहिण्याची कुणाला इच्छा झाली तर मला फार आनंद होईल.

हे लिखाण शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलामुलींनाही वाचता यावं असा प्रयत्न केला आहे. शास्त्रीय नावं टाळलेली नाहीत, कारण ती टाळली की वाचकाला पुढे स्वतः शोध घेता येत नाही. पण प्रत्येक भाग काय करतो हे आधी सांगून मग त्याचं नाव दिलं आहे. आकृत्या पाहताना एक क्रम पाळावा: आधी दात, मग जबडा, मग सांधा, आणि शेवटी पूर्ण मासा. उलट क्रमाने पाहिलं तर चित्रकाराचा मासा मनात ठसतो आणि दगडातला पुरावा त्याच्यामागे दडतो.

शेवटी एक विनंती, विशेषतः विदर्भातल्या शिक्षकांना, खाणीत काम करणाऱ्यांना आणि शेतात विहिरी खणणाऱ्यांना. हेलिकोप्रिऑनची कथा एका शाळा-निरीक्षकाने पाठवलेल्या पेटीतून आणि एका खाणीतून निघालेल्या दगडातून उभी राहिली. तुम्हाला दगडात पान, खवला, दात किंवा शिंपला दिसला तर तो फोडू नका, घासून चकचकीत करू नका, विकू नका. संरक्षित जागेत असेल तर उचलूही नका. आहे तिथे त्याचा फोटो काढा, शेजारी माप कळेल अशी एखादी वस्तू ठेवा, गाव, शिवार, तारीख आणि तो किती खोल मिळाला हे लिहून ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. जागेची नोंद नसलेल्या जीवाश्माचं अर्धं मोल तिथेच संपतं.